अभिनेत्रीचा एक दिवस

समोर मुली बसल्या आहेत आणि मागच्या रांगांत त्यांचे आईवडीलही आलेत, हे फार बरं झालं. आज बोलायचंय ते कामाच्या दिवसाबद्दल. मालिकेत अभिनेत्रीला पैसे दिवसावर मिळतात. 'पर डे' ठरतो, महिन्यात किती दिवस काम झालं ते मोजतात आणि त्यावर बिल निघतं. पडद्यावर पैठणी नेसून दिवाणखान्यात वावरणारी सून रोजंदारीवर असते, हे ऐकून आपल्याकडं अजूनही लोकांच्या भुवया वर जातात. हा दिवस मिळतो कसा, त्यात करावं काय लागतं आणि त्याचा पैसा हातात कधी पडतो, हे कळलं की या धंद्यातलं बरंचसं कळलं.

मराठवाड्यातून जाणारी वाट नवी नाही. संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग, एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा, तिथून मुंबई. 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी अशीच गेली. प्रतीक्षा लोणकर त्यातल्याच, पुढं दूरदर्शनच्या 'दामिनी'नं त्यांना घराघरात नेलं. तेव्हा मराठी मालिका मोजक्या होत्या. 1999 ला अल्फा मराठी आलं, 2000 ला ई टीव्ही मराठी, 2008 ला स्टार प्रवाह, 2018 ला सोनी मराठी. वाहिन्या वाढल्या तशी चेहऱ्यांची गरजही वाढली, आणि आता पहिली चाळणी मोबाइलवरच लागते.

म्हणून आधी ऑडिशनचं बोलू. कास्टिंगवाले दोन-तीन पानांचा सीन पाठवतात आणि बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत व्हिडिओ मागतात. मोबाइल आडवा धरा, स्टँडवर लावा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. मागं साधी भिंत हवी. कॅलेंडर, देव्हारा, वाळत घातलेले कपडे नकोत. उजेड समोरून, खिडकीचा. ट्यूबलाइटखाली उभं राहिलं की डोळ्यांखाली काळं पडतं. सुरुवातीला नाव, वय, उंची, सध्या राहता कुठं, भाषा कोणत्या येतात आणि तारखा मोकळ्या आहेत का, एवढंच सांगा. मग डावी-उजवी बाजू दाखवा. सीन कमरेपासून वरचा घ्या. समोरच्याचे संवाद वाचणाऱ्यानं मोबाइलला चिकटून पण हळू आवाजात वाचायचं, नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो. नजर लेन्सच्या लगेच बाजूला ठेवायची, लेन्समध्ये नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता व्हिडिओ टाकला की तो दाबला जाऊन चेहरा पुसट होतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा लिंक द्या. फाइलला स्वतःचं नाव आणि भूमिकेचं नाव द्यायला विसरू नका. शेकडो फायलींत 'व्हिडिओ 1' कोण शोधत बसणार? ऑडिशनसाठी, पोर्टफोलिओसाठी किंवा 'आर्टिस्ट कार्ड'साठी कुणी आगाऊ पैसे मागितले, तर तिथंच फोन ठेवायचा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

भाषेचं दुखणं आपल्याकडं जास्त. 'काय करू लालीस' हे लातूर-नांदेडकडचं बोलणं टाकून द्यायचं असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. ग्रामीण भूमिकांसाठी तीच तुमची मिळकत आहे. पण प्रमाण मराठी वेगळी बसवावी लागते, आणि नुसते शब्द बदलून ती बसत नाही. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' आधी साफ करा, मग वाक्याचा हेल. आपला हेल वाक्याच्या शेवटी लांबतो. माइकवर ते पहिल्यांदा ऐकू येतं. रोज वर्तमानपत्राचं अर्धं पान मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करा आणि ऐका. हिंदीत काम करायचं असेल तर आणखी एक अडचण: आपल्याला हिंदी येते असं आपण समजतो, येते ती दखनी. 'मेरेकू', 'नक्को' सवयीनं तोंडात येतं, आणि नेमकं रागाच्या सीनमध्ये येतं.

आता सेटवरचा दिवस. शिफ्ट बहुधा 12 तासांची. सकाळी 7 चा कॉल असेल तर 7 ला मेकअपच्या खुर्चीत बसायचं, गेटवर पोचायचं नाही. अर्ध्या तासाच्या भागात प्रत्यक्ष मजकूर साधारण 22 मिनिटांचा असतो आणि रोज मालिका जाते म्हणून रोज तेवढं उरकावं लागतं. सीन क्रमानं होत नाहीत. स्वयंपाकघर लागलं की चार भागांतले स्वयंपाकघरातले सीन एका दमात घेतात. सकाळी तुम्ही नवऱ्याशी भांडता, दुपारी त्याच भांडणाच्या आदल्या दिवशीचं हसता. प्रत्येक सीनच्या कागदावर वर दोन ओळी लिहून ठेवा: याआधी काय घडलं, मला आत्ता काय माहीत आहे. सहायकाला दरवेळी विचारत बसायला त्यालाही वेळ नसतो.

कागद कधी कधी शॉट लागायच्या पंधरा मिनिटं आधी हातात येतो. नाटकवाल्या मुली पूर्ण पान पाठ करायला बसतात आणि अडकतात. समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द पकडा, तो तुमचा क्यू. त्याला तुमचं वाक्य जोडत जा.

शॉटचा क्रम समजून घ्या. एकच सीन तीनदा होतो: आधी मास्टर, म्हणजे सगळे दिसतील असा पूर्ण सीन; मग ओव्हर शोल्डर, म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून; मग क्लोज, म्हणजे नुसता चेहरा. चहाचा साधा सीन घ्या. वाक्य आहे, 'आई, मी आज जाणार नाही.' मास्टरमध्ये 'आज' म्हणताना तुम्ही उजव्या हातानं कप उचललात. क्लोजमध्ये कप 'नाही'वर उचललात, तर संकलक दोन शॉट जोडूच शकत नाही. मग तो काय करतो? तुमचा क्लोज टाकून सासूची प्रतिक्रिया लावतो. म्हणजे आपला सगळ्यात चांगला टेक आपणच घालवला. म्हणून मास्टरमध्ये हातांना कमी काम द्या, जे द्याल ते शब्दाला बांधून लक्षात ठेवा. रडायचंही तसंच. मास्टरलाच सगळं ओतलं की क्लोजला डोळे कोरडे आणि सुजलेले. ग्लिसरीन डोळ्यात घालत नाहीत, खालच्या पापणीच्या कडेखाली अगदी थोडं लावतात.

आवाजाचीही एक गोष्ट. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज कपड्याला लावलेल्या छोट्या लेपल माइकला झेपत नाही, फाटतो. बांगड्या वाजतात, मंगळसूत्र माइकवर आपटतं, कडक रेशमाची साडी हलली की खरखरते, आणि टेक वाया जातो. बांगड्या आतून पट्टीनं घट्ट करून घ्याव्यात. ध्वनिमुद्रकाला आधीच विचारणारी नटी युनिटला फार आवडते, हे जाता जाता सांगतो.

करारावर मात्र पालकांनी कान टवकारावेत. सही करण्याआधी पर डे, शिफ्टचे तास, जादा वेळेचे पैसे, किती दिवसांनी पैसे, नोटिसीचा काळ, कपडे कुणाचे आणि महिन्याला किमान किती दिवसांची हमी, हे सगळं कागदावर बघा. सगळ्यात जास्त मुली अडकतात त्या एका जागी: करारात 'एक्सक्लुझिव्ह' असतं, पण हमीचे दिवस नसतात. कथेतला तुमचा ट्रॅक बारीक झाला की महिन्यात चार दिवस काम, आणि दुसरीकडं काम घ्यायला बंदी. एक्सक्लुझिव्ह हवं असेल तर किमान दिवसांची हमी द्या, एवढं बोलायला संकोच नको.

पैशांचं गणित मांडून दाखवतो. समजा पर डे 3,000 रुपये आणि जूनमध्ये 15 दिवस काम. बिल 45,000. त्यातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, 4,500, कापला जातो, राहिले 40,500. काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर असेल तर त्याचं कमिशन त्यातून. या धंद्यात पैसे 90 दिवसांनी देण्याची रीत आहे. जूनअखेरचं बिल सप्टेंबरअखेर जमा होतं, तेही वेळेवर झालं तर. तोवर खोलीचं भाडं, डिपॉझिट, रिक्षा, जेवण सगळं घरून. चार महिन्यांचा खर्च गाठीशी नसेल तर पहिली मालिका मिळूनही मुलगी कर्जात जाते. रोजची तारीख, आल्याची-गेल्याची वेळ आणि सीन नंबर वहीत लिहा. बिलाच्या वादात हीच वही कामाला येते. कापलेला टीडीएस रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही, आणि पॅनवरचं नाव व बँकेतलं नाव वेगळं असेल तर पैसे तिथंच अडकतात. लग्नानंतर नाव बदललेल्यांचं हे हमखास होतं.

लहान मुलींना घेऊन येणाऱ्यांसाठी: बालकलाकाराला दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतले किमान 20 टक्के तिच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावे लागतात. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांत हे लिहिलेलं आहे. शाळा बुडवून चौथीची पोर सेटवर रात्री अकराला पेंगते, हा निर्मात्याचा गुन्हा, आणि गप्प बसलेल्या पालकांचाही थोडा आहेच. मोठ्या मुलींसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे; दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत तक्रार समिती लागते. समितीवर कोण आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

सिनेमाचं वेगळं. तिथं बहुधा एकरकमी ठरतं आणि हप्त्यांत मिळतं. शेवटचा हप्ता डबिंगच्या, म्हणजे स्टुडिओत आवाज भरायच्या, आधी घ्यायचा. डबिंग झालं की त्यांना तुमची गरज संपते आणि फोन उचलायचे बंद होतात.

वयाचंही बोलायला हवं. मालिकेत तिशीतल्या बाईला विशीतल्या नायकाची आई करतात, हा मूर्खपणा आहे, पण आहे. पहिली आई स्वीकारताना पर डे वाढवून घ्या; एकदा आई झाल्यावर पुन्हा नायिकेच्या भूमिका क्वचितच येतात. मधल्या रिकाम्या काळात डबिंग आणि जाहिरातीतला आवाज यावर कितीतरी जणी घर चालवतात.

कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, 'मुंबईला कधी जावं?' पहिल्या चाळणीसाठी जायची गरज नाही. लूक टेस्टला, म्हणजे भूमिकेच्या वेशात-मेकअपमध्ये बघायला, बोलावलं की रात्रीची गाडी पकडा: लातूरहून लातूर एक्स्प्रेस, नांदेड-परभणी-जालन्याहून देवगिरी. पण शूटिंग नेमकं कुठं आहे ते आधी विचारा. मराठी मालिका गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला, ठाण्याच्या घोडबंदर रोडला, नायगावला होतात. काही तर साताऱ्याला, कोल्हापूरला, नाशिकला. गोरेगावात खोलीचं डिपॉझिट भरून बसायचं आणि काम साताऱ्यात निघायचं, असं होऊ देऊ नका.