एका किलोचे अंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या सीमाभागात तालमीची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. लाल माती, वस्ताद आणि खुराक यांच्याभोवती वाढलेल्या या मुलखातील ज्या मुलीला आज वेटलिफ्टिंगचे वेड लागले आहे, तिने मणिपूरच्या मीराबाई चानूची कारकीर्द नीट समजून घ्यावी, यासाठी हा लेख आहे.

इंफाळजवळच्या नोंगपोक काकचिंग या खेड्यात १९९४ साली जन्मलेली मीराबाई लहानपणी डोंगरातून सरपणाची मोळी आणत असे. खानापूरच्या रानालगतच्या गावांतील बायकांना त्या ओझ्याबद्दल वेगळे सांगायला नको. सरावाचे केंद्र घरापासून वीस किलोमीटरहून लांब होते आणि वाळूचे ट्रक चालवणाऱ्यांनी तिला अनेकदा तिथवर नेऊन सोडले. टोकियोचे पदक घेऊन परतल्यावर तिने या चालकांना घरी बोलावून त्यांचा सत्कार केला.

२०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळाले. त्यानंतर आले २०१६ चे रिओ ऑलिंपिक. या खेळात स्नॅचचे, म्हणजे बार एका झेपेत डोक्यावर नेण्याचे तीन आणि क्लीन अँड जर्कचे, म्हणजे बार आधी खांद्यांवर घेऊन मग डोक्यावर नेण्याचे तीन प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज धरली जाते. मात्र एका प्रकारातले तिन्ही प्रयत्न फसले, तर बेरीजच होत नाही. रिओत मीराबाईचे सहापैकी पाच प्रयत्न फसले, क्लीन अँड जर्कचे तर तिन्ही. पुढच्याच वर्षी अनाहाइम येथे १९४ किलो उचलून ती विश्वविजेती झाली. मला तिच्या पदकांहून हे मधले वर्ष मोठे वाटते.

तिचा खरा झगडा मात्र खांद्याशी होता. साधारणपणे स्नॅचचे वजन क्लीन अँड जर्कच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास असते. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथे तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा विश्वविक्रम केला. त्या हिशेबाने तिचे स्नॅच ९५ च्या घरात असायला हवे होते, पण तिथे ते ८६ वरच थांबले. एका झेपेत बार डोक्यावर नेताना दोन्ही खांद्यांचा तोल एकसारखा राहावा लागतो, आणि तिचे दुखणे नेमके तिथेच होते. त्यावर उपचार घेण्यासाठी ती अमेरिकेलाही गेली. तीनच महिन्यांनी टोकियोत ८७ आणि ११५, अशा एकूण २०२ किलोंनी तिने ४९ किलोपर्यंत वजनाच्या खेळाडूंच्या गटाचे रौप्यपदक जिंकले. भारताला ऑलिंपिकमध्ये या खेळाचे पहिले पदक मिळवून देणाऱ्या कर्णम मल्लेश्वरीच्या सिडनीतील कांस्यपदकाला तेव्हा एकवीस वर्षे होत आली होती.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने १९९ किलो उचलले, तर कांस्यपदक २०० किलोंना गेले. तिशी गाठलेल्या खेळाडूने त्या एका किलोनंतर निवृत्ती घेतली असती, तरी कुणी बोल लावला नसता. तिने सराव सोडला नाही. स्पर्धेतले वजनगट बदलल्याने तिला पुन्हा आपल्या जुन्या ४८ किलो गटात यावे लागले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्वेतील फोर्डे येथील जागतिक स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. बेरीज पॅरिसइतकीच, १९९ किलो. त्यात क्लीन अँड जर्कचे ११५ किलो होते, म्हणजे टोकियोत उचलले होते तितकेच.