पॅनेल टपावर लावू की गच्चीवर?

मे महिना, दुपारचा एक वाजलाय, पुण्यातलं एक साधंसं पार्किंग. जरा नीट बघा हां, कडुलिंबाखालच्या जागा सगळ्या फुल आणि उन्हातल्या चार जागा मोकळ्याच. आपल्याकडे गाडी सावलीत लावायची हे कुणाला शिकवावं लागत नाही, आणि टपावर सोलर असलेल्या गाडीला हवं असतं नेमकं उलटं, ती दिवसभर उन्हात तापत उभी राहिली पाहिजे.

आता हिशोब करू, अवघड काही नाहीये. डोक्यावरच्या कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते, त्यातली चांगलं पॅनेल २० ते २२ टक्के पकडतं, आणि कारच्या टपावर काचबिच सोडून जागा उरते दीड चौरस मीटर. म्हणजे झाले ३०० वॅट. दिवसभराचं ऊन एकत्र केलं तर महाराष्ट्रात सुमारे पाच तासांचं फुल ऊन धरतात, कागदावर दीड युनिट. पण टप आडवा, वर धूळ, आणि मेन म्हणजे सेल, म्हणजे पॅनेलमधला वीज बनवणारा छोटा तुकडा, तापला की करंट नाही, व्होल्टेज पडतं, २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला ०.३ ते ०.४ टक्के पॉवर जाते, आणि मे महिन्यात ६५ डिग्रीला पोचलेलं पॅनेल म्हणजे १२ ते १६ टक्के तिथेच गेले. वर बाजूच्या खांबाची बारीकशी सावली पडली तरी सेलची अख्खी ओळ सुस्तावते, कारण ते एकामागे एक जोडलेले असतात. हातात येतं जेमतेम एक युनिट, त्यावर मध्यम साइजची इलेक्ट्रिक गाडी सहा-सात किलोमीटर जाते. घरच्या लाईट बिलात मोजलं तर रोजचे आठ-दहा रुपये, म्हणजे एक कटिंग, तीही पावसाळा सोडून.

आणि गंमत पुढे आहे. संध्याकाळी तुम्ही त्या भट्टीत बसता आणि पहिलं काय करता, एसी फुल! तापलेली केबिन गार करताना एसी दीड-दोन किलोवॅट सहज खेचतो, पाव तासात जवळजवळ अर्धा युनिट संपला. दिवसभर सूर्याने जे दिलं त्यातलं अर्धं ऊन खाल्ल्याच्या दंडातच गेलं. सावलीत लावली असती तर?

युरोपात हे मोठ्या हौसेने करून बघितलंय. नेदरलँड्सच्या लाइटइयरने पाच चौरस मीटर पॅनेल लावलेली गाडी काढली, किंमत अडीच लाख युरो, आणि जानेवारी २०२३ मध्ये उत्पादन बंद. पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या सोनो मोटर्सने आपली सायन ही गाडी सोडून दिली आणि बस-ट्रकच्या टपांसाठी सोलर बनवायला लागले. मला विचाराल तर हे शहाणपणाचं, बसचा टप लांबरुंद, सपाट, आणि बस असतेच उन्हात.

मग पुण्याच्याच वायवे कंपनीची इव्हा ही सोलर गाडी? २०२३ च्या ऑटो एक्स्पोत दिसली, जानेवारी २०२५ मध्ये किंमत जाहीर झाली, ३.२५ लाखांपासून, बॅटरीचं भाडं वेगळं. सोलरवर वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत जाईल असं कंपनी म्हणते, म्हणजे दिवसाला आठेक. मला हा आकडा अगदीच हवेतला वाटत नाही, कारण गाडी चिमुकली आहे, दोन मोठे आणि एक पोर, वजन कमी म्हणून एका युनिटवर ती जास्त पळते. सोलर कारचं गणित सुटलंच तर ते असं गाडी लहान करूनच सुटतं, मोठ्या एसयूव्हीवर पॅनेल म्हणजे हत्तीच्या पाठीवर चमचाभर पाणी.

तेच पॅनेल घराच्या गच्चीवर टाका. दक्षिणेकडे तोंड, खालून वारा, कुणी सावलीत नेऊन लावत नाही. एक किलोवॅटला दिवसाला चार युनिट सरासरी धरतात, आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे. तीन किलोवॅटच्या बारा युनिटमध्ये गाडीचे रोजचे ४० किलोमीटर निघून घरातले पंखे-फ्रिजही चालतात. गाडी दिवसा ऑफिसला गेली तरी चालतं, नेट मीटरिंगमध्ये दुपारची वीज ग्रिडला देऊन रात्री वळती करता येते.

अडचण एवढीच की फ्लॅटवाल्यांची गच्ची सोसायटीची, तिथे आधी मीटिंग, मग भांडण, मग चहा. आणि टपावर पॅनेल घ्यावं म्हटलं तर माझं पार्किंग बेसमेंटला, दोन मजले खाली.