जायचंय कुठं, हे तिला विचारलं का?

(एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

'मानसिक आरोग्यसेवेत समाजकार्याची भूमिका आणि मूल्यं' असा विषय सरांनी फळ्यावर लिहिलाय. मूल्यांवर येतेच, पण आधी मला एका तांब्याबद्दल बोलू द्या.

मी एका सरकारी मनोरुग्णालयात नवीनच लागले होते. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष लागू झाला १९९३ मध्ये. त्यानंतरची ही चार-पाच वर्षांतली गोष्ट. बायकांच्या वॉर्डात एक बाई होत्या, त्यांना सगळे आक्काच म्हणायचे. स्किझोफ्रेनिया होता, पण नसलेले आवाज ऐकू येणं थांबून दोन वर्षं झाली होती. धुतलेल्या साड्यांच्या घड्या घालाव्यात तर आक्कांनी. काठाला काठ लावून, वर हात फिरवून. केसपेपरवर मात्र दर तीन महिन्यांनी एकच ओळ: 'नातेवाईक प्रतिसाद देत नाहीत.' पाठवलेली पत्रं 'पत्ता अपुरा' म्हणून परत आलेली.

ही ओळ मला आजही खुपते. लिहायला दहा सेकंद लागतात आणि माणूस दहा वर्षं आत राहतो. प्रतिसाद देत नाहीत म्हणजे नेमकं काय? पत्र पोचलं नाही? भाऊ कर्जात आहे? गावात मुलीचं लग्न ठरतंय आणि आत्या वेड्यांच्या इस्पितळात आहे हे कळू द्यायचं नाही? प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा, आणि तो शोधणं हेच तर आपलं काम. डॉक्टर गोळी लिहून देतील. पण ती गोळी ज्या घरात घ्यायची, त्या घराची चौकशी कोण करणार?

तर मी एसटीने गेले. दोन गाड्या बदलल्या, पुढे तीन किलोमीटर चालले. भावाने दारातच सांगितलं, "आमचा तिचा काही संबंध राहिला नाही." तेवढ्यात वहिनीने पाणी आणून दिलं, पितळी तांब्यातून. लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव घालून घेतात ना, तसं त्या तांब्यावर आक्कांचं नाव होतं. अक्षरं घासून घासून पुसट झालेली, पण वाचता येत होती. मी तांब्या फिरवून भावासमोर धरला. तो खाली बसला आणि रडायला लागला. महिनाभरात मी आक्कांना घरी सोडून आले. येताना एसटीत मला वाटत होतं, आपण केवढं मोठं काम केलं!

सात महिन्यांत आक्का परत वॉर्डात. तालुक्याला गोळ्या संपल्या होत्या, बाहेरून आणायला पैसे नव्हते. पाचव्या महिन्यात औषध सुटलं. सगळा भार वहिनीवर पडला होता, आणि मी त्या वहिनीशी पाण्यापलीकडे एक शब्दही बोलले नव्हते. पण खरी चूक त्याहून मोठी होती. ती मला आक्कांनीच दाखवली. म्हणाल्या, "बाई, तुम्ही दादाला विचारलंत. मला कुठं विचारलंत?"

त्यांना भावाकडे जायचंच नव्हतं. त्यांना काम हवं होतं आणि कडी आतून लावता येईल अशी एक खोली.

(इथे पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली.)

बरं, आता भराभर सांगते. तुम्ही पुस्तकात वाचता तो स्वनिर्णय म्हणजे आक्कांचा हा प्रश्न. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, त्याला आता नव्वद वर्षं होत आली. तरी केसपेपरवर नातेवाइकासाठी रकाना असतो, पत्त्यासाठी असतो. 'तुम्हाला कुठं जायचंय' हा रकाना मी तरी पाहिला नाही.

कायदा मात्र पुढे गेलाय. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १९ नीट वाचा. घर नाही, घरचे घेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही संस्थेत ठेवता येत नाही. कलम ५ प्रमाणे आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. कलम १४ प्रमाणे आपला प्रतिनिधी तो स्वतः नेमू शकतो. तो भाऊच असला पाहिजे असं नाही. पण बाहेरची सोय उभी राहिली नाही तर काय होतं? बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवण्याचा प्रकार आपल्याच महाराष्ट्रात झाला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो थांबवायला सांगावं लागलं. मला त्याची लाज वाटते. मध्यमार्गी निवास (रुग्णालयातून सुटल्यावर स्वतंत्र राहण्याआधीचा मधला मुक्काम), गटाने राहण्याची घरं, हाताला काम, तालुक्याला गोळ्या: यासाठी भांडणं हेही आपल्याच व्यवसायाचं काम आहे, फावल्या वेळातली समाजसेवा नव्हे.

गोपनीयतेबद्दल एकच सांगते. गृहभेटीला जाताना रुग्णालयाची गाडी गल्लीत नेऊ नका, चालत जा. शेजाऱ्यांनी विचारलं तर घरच्यांनी काय सांगावं, हे आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलून ठरवा.

आणि आक्का? दुसऱ्या खेपेला आम्ही दोघींनी मिळून खोली शोधली, वॉर्डातल्याच आणखी एकीबरोबर. एका खाणावळीत पोळ्यांचं काम मिळालं. पहिल्या महिन्यात दोनदा भांडण झालं, मालकिणीला मी चार वेळा भेटले. वहिनी पहिल्या दिवाळीला आली, फराळाचा डबा आणि तो तांब्या घेऊन.

तुमच्यापैकी काहींना येरवड्याला फील्डवर्क मिळेल, काहींना ठाण्याला. पहिल्याच आठवड्यात 'नातेवाईक प्रतिसाद देत नाहीत' असं लिहिलेला एक केसपेपर काढा आणि त्या माणसाशेजारी जाऊन बसा. काय उत्तर मिळालं ते मला ऐकायचंय. सर, वेळ संपलीय ना? प्रश्न बाहेर चहाला घेऊ, माझी गाडी साडेपाचची आहे.