वाकाटक गेले, नंदिवर्धन राहिलं

नमस्कार मंडळी. आज वाकाटकांबद्दल बोलू, म्हणजे आपल्याच विदर्भातल्या जुन्या राजघराण्याबद्दल. रामटेकला आपण सगळेच जातो, गडमंदिर झालं, अंबाळा झालं की गाडी परत नागपूरकडे. पण तिथून सहा-सात किलोमीटरवरचं नगरधन म्हणजेच जुनं नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी, तिकडे फारसं कोणी वळत नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

प्रभावतीगुप्तेनं कारभार पाहिला तो इथूनच. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर गेला, पोरं लहान, मग राज्य हिनंच सांभाळलं. अलीकडच्या उत्खननात नगरधनला तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडलीय, ब्राह्मीत नाव आणि सोबत शंख. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला, हो तेच महानुभावांचं रिद्धपूर.

आता गंमत बघा, त्याच रिद्धपूरला आणखी एक ताम्रपट मिळालाय, तोही नंदिवर्धनहूनच दिलेला, पण देणारा वाकाटक नाहीच, तो बस्तरकडच्या नल घराण्याचा भवदत्तवर्मा! म्हणजे प्रभावतीच्या नातवाच्या, नरेंद्रसेनाच्या आगेमागे राजधानीच शत्रूच्या हातात गेली होती. आणि अक्षरं कशी, तर वाकाटकांसारखीच, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी. राजा बदलला, लिहायची पद्धत तीच राहिली, मला तर हे लढाईपेक्षा मोठं वाटतं.

नंतर नरेंद्रसेनाच्या मुलानं, दुसऱ्या पृथिवीषेणानं डाव उलटवला. त्याच्या ताम्रपटात लिहिलंय की बुडालेलं कुळ त्यानं दोनदा वर काढलं. स्वतःच्या सरकारी कागदात आपण बुडालो होतो हे कोण लिहितं हो? तिकडे ओडिशातल्या पोडागढच्या शिलालेखात नलांचा स्कंदवर्मा सांगतो की ओस पडलेली पुष्करी नगरी, म्हणजे नलांची राजधानी, मी परत वसवली. दोन्ही घराण्यांनी एकमेकांच्या राजधान्यांची वाट लावली होती.

मला विचाराल तर कमजोरी त्याच्याही आधीची. वाकाटकांच्या पहिल्या प्रवरसेनानं चार अश्वमेध केले, सम्राट म्हणवलं, पण त्याच्यानंतर राज्य वाटलं गेलं, एक शाखा नंदिवर्धनला, दुसरी वत्सगुल्मला म्हणजे आपल्या वाशिमला. शेवटचा जोर वाशिमच्या हरिषेणाचा, त्याच्याच मंत्र्यानं, वराहदेवानं, अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं करवलं. हरिषेणानंतर मात्र घराणं बघता बघता संपलं.

मग वारसदार कोण? आंध्रात विष्णुकुंडी घराणं, त्यांच्या घरात तर वाकाटकांची मुलगी सून होती. इकडे कलचुरी आले. आणि नंदिवर्धन? इ. स. 573च्या सुमारास स्वामिराजा नावाच्या राजाच्या काळातला ताम्रपट पुन्हा नंदिवर्धनहूनच निघालाय, त्यात हत्तीवाल्या माहुतांच्या संघाचा उल्लेख आहे, म्हणजे गावात हत्ती होते, माहूत होते, त्यांची संघटना होती, सगळं चालू होतं.

पुढे राष्ट्रकूट आले. 940 सालच्या तिसऱ्या कृष्णाच्या देवळी ताम्रपटात, देवळी म्हणजे वर्ध्याजवळची, या प्रदेशाचं नाव दिलंय नागपूर-नंदिवर्धन. तेव्हा वाकाटकांना जाऊन चारशे वर्षं होऊन गेली होती.