जादूगार लहानपणी कसा होता?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय जादूगार आणि ड्रॅगनच्या गोष्टी लिहिणाऱ्या उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेबद्दल. मुंबईत किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर नाहीतर फोर्टात जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यापाशी जरा थांबून बघा, कॉलेजची पोरं ड्रॅगन आणि जादूगारांची कव्हरं आधी उचलतात, लोकलच्या दारात उभी राहून वाचतात, आणि घरी आलं की ऐकून घेतात, अरे काहीतरी उपयोगाचं वाच. तर आजचं बोलणं खास त्या घरच्यांसाठी आहे, पोरांना काय सांगायचं, त्यांना माहितीये.

उर्सुला बाईंचा जन्म १९२९ चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वडील आल्फ्रेड क्रोबर मोठे मानववंशशास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले, आई थिओडोरा पण लेखिका. म्हणजे जगात माणसं शंभर तऱ्हांनी जगतात, हे त्यांना घरातच कळलं. अकराव्या वर्षी एका विज्ञानकथांच्या मासिकाला गोष्ट पाठवली, ती साभार परत. पुढे शिक्षण झालं, १९५३ मध्ये स्कॉलरशिपवर फ्रान्सला जाताना बोटीवर चार्ल्स ले ग्विन भेटले, त्याच वर्षी पॅरिसमध्ये लग्न, मग अमेरिकेत पोर्टलंडला संसार, तीन मुलं. मुलं झोपली की रात्री लिहायला बसायच्या आणि लिहिलेलं परत यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. मला त्यांच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा ही वर्षं मोठी वाटतात, कारण तेव्हा कोणी विचारत नव्हतं तरी बाई लिहीत होत्या.

मग बर्कलीच्याच एका छोट्या पब्लिशरने विचारलं, जरा मोठ्या मुलांसाठी काही लिहाल का? आधी त्या बिचकल्या, मुलांसाठी म्हणून कधी लिहिलंच नव्हतं. पण डोक्यात एक प्रश्न आला, की गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे का असतात, ते कधीतरी पोरगे असतीलच ना, मग ते जादू शिकले कुठे? त्यातून १९६८ ला 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आलं. जादू शिकवणारी शाळा आज सगळ्यांना ओळखीची आहे, पण ही तेव्हाची गोष्ट.

अर्थसी म्हणजे नुसती बेटंच बेटं, मधे समुद्र, आणि गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आईवेगळा पोरगा, त्याचं नाव पुढे गेड. मावशीने शेळ्यांना बोलवायचा मंत्र म्हटलेला तो ऐकतो आणि अर्थ न कळता स्वतः म्हणून बघतो. शेळ्या येतात. सगळ्याच येतात, मुकाट्याने, पिवळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत, मग इतक्या अंगाला भिडतात की त्याला श्वास घेववत नाही, पळायला लागला तर त्याही सोबत, आणि तो घाबरून रडायला लागतो. पुस्तकात पुढे जे काही आहे ते मला या एका प्रसंगात दिसतं, ताकद आहे पण ती थांबवायची कशी ते ठाऊक नाही. पुढे शाळेत दुसऱ्या पोराशी ईर्ष्येने तो नको ती जादू करतो, त्यातून एक सावली सुटते आणि ती त्याच्या मागे लागते. शेवट सांगत नाही, पण तलवारीने सुटणारा प्रश्न नाहीये तो. मधे एका छोट्या बेटावर तो कोळ्यांच्या होड्यांवर मंत्र घालायचं काम करतो, होडी बांधणारा एक जण त्याचा जीवलग दोस्त होतो, त्याचं लहान पोरगं आजारी पडतं आणि एवढा मोठा जादूगार असून गेड त्याला वाचवू शकत नाही. आपल्या वरळीच्या नाहीतर माहीमच्या कोळीवाड्यातल्या मुलाला हे पान परकं वाटेल असं मला नाही वाटत.

आणि गेड गोरा नाहीये. तांबूस-तपकिरी रंगाचा आहे, त्याचा मित्र वेच तर अजून काळा. हे बाईंनी मुद्दाम केलं, तेही पहिल्या पानावर न सांगता, म्हणजे वाचणाऱ्याने आधी त्याच्याशी मैत्री करावी आणि रंग मग कळावा. तरी पुढे कितीतरी कव्हरांवर तो गोरा झाला, २००४ च्या टीव्ही मालिकेत पण गोरा नट, तेव्हा बाईंनी जाहीरपणे लिहून निषेध केला. फेअरनेस क्रीमच्या जाहिराती बघत मोठ्या झालेल्या आपल्या मुलामुलींना असा सावळा हिरो मिळायलाच हवा, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

अर्थसीची पहिली तीन पुस्तकं १९७२ पर्यंत झाली, तिसऱ्याला अमेरिकेतलं मानाचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. पण पुढे त्यांनाच खटकायला लागलं की आपल्या या जगात मोठी जादू फक्त पुरुषांकडे, शाळेत मुलगी नाही, बायकांची जादू म्हणजे कमअस्सल. म्हणून अठरा वर्षांनी, १९९० ला, 'तेहानू' लिहिलं. त्यात गेडची जादू संपलेली आहे आणि गोष्ट चालते ती एका विधवा शेतकरीण बाईच्या घरात, भाजलेल्या एका पोरीला सांभाळत. काही वाचक नाराज झाले, होणारच, त्यांना जुना हिरो हवा होता. मला विचाराल तर तेच त्यांचं सगळ्यात धाडसी पुस्तक आहे.

२०१४ ला नॅशनल बुक फाउंडेशनचं मेडल घेताना त्या म्हणाल्या की हा मान मी त्या सगळ्या फॅन्टसी आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसोबत वाटून घेते, ज्यांना इतकी वर्षं साहित्यातून बाहेर ठेवलं. जानेवारी २०१८ मध्ये पोर्टलंडला त्या गेल्या, ८८ वर्षांच्या होत्या.

तर घरात बारा-तेराचं कोणी असेल तर पहिलं पुस्तक द्या, दुसरं लगेच हातात पडू द्या, ते देवळासाठी लहानपणीच घरातून नेलेल्या तेनार नावाच्या मुलीचं आहे. 'तेहानू' मात्र जरा मोठं झाल्यावर द्या, आणि त्याआधी तुम्ही स्वतः वाचा. नमस्कार.