दोन 'म्हणे'

श्रोतेहो, नमस्कार.

दर मार्चमध्ये माझ्या टेबलावर प्रोजेक्टचा ढीग लागतो. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, पहिल्या पानावर कॉलेजचं बोधचिन्ह, दुसऱ्यावर प्रमाणपत्र आणि तिसऱ्यावर ऋणनिर्देश. हे तिसरं पान मी सगळ्यात आधी वाचते. गेली वीस वर्षं ते जवळजवळ एकच आहे. 'सदर प्रकल्प पूर्ण करताना मला अनेकांचे मोलाचे सहकार्य लाभले.' एका वर्षी एका मुलाच्या ऋणनिर्देशात माझ्या जागी दुसऱ्याच सरांचं नाव होतं. मागच्या बॅचच्या कुणाची तरी फाइल त्याने आणली होती आणि नाव बदलायचं राहून गेलं होतं. मी त्याला बोलावलं. तो खाली मान घालून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, असंच लिहायचं असतं ना?"

त्याचा तो प्रश्न मला फार लागला. तो खोटं बोलत नव्हता. बारा वर्षं शाळेत आपण त्याला हेच तर शिकवलं होतं. निबंध पाठ कर. अपेक्षित प्रश्नांची उत्तरं पाठ कर. 'तुमच्या शब्दांत लिहा' असं प्रश्नपत्रिकेत छापलेलं असतं, त्याचंही उत्तर गाईडमधून पाठ कर. जितकं हुबेहूब, तितके जास्त मार्क. आणि मग अठराव्या वर्षी, एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, आपण त्याच मुलाला सांगतो की दुसऱ्याचं वाक्य उचललंस तर ती चोरी आहे.

वाङ्मयचौर्य हा शब्द मुलांना आता माहीत असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्याबद्दल नियमच केले. प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नियम हवेतच. पण त्यामुळे मुलांच्या मनात एक आकडा तेवढा बसला आहे. "मॅडम, माझे किती टक्के आले?" हा पहिला प्रश्न. मग एखाद्या शब्दाला प्रतिशब्द घालायचा, वाक्याचं शेपूट पुढे आणायचं, आणि टक्के खाली आणायचे. ज्याचा विचार होता त्याचं नाव तरीही कुठेच नाही. अलीकडे मुलं चॅटजीपीटीकडूनही लिहून आणतात. त्यातल्या संदर्भयादीतलं एखादं पुस्तक मी ग्रंथालयात शोधायला सांगते, आणि ते पुस्तक जगात कुठेच नसतं.

म्हणून मी दुसरीकडून सुरुवात करते. पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच शब्द लिहिते: म्हणे.

तुमच्या घरातली आजी आठवा. "वरच्या आळीत काल चोर आला म्हणे." आजीने चोर पाहिलेला नाही. तिने ऐकलं आहे, आणि आपण फक्त ऐकलं आहे हे ती त्या एका शब्दात प्रामाणिकपणे सांगून टाकते. स्वतः पाहिलं असतं तर ती 'म्हणे' म्हणालीच नसती. मग मी मुलांना विचारते, आजीला कुणी विचारलं, "कोण म्हणालं गं?", तर काय होतं? मुलं हसतात. आजी लगेच सांगते: दूधवाला म्हणाला, सकाळी, दारात. संदर्भ देतात तो असा. कोण, कुठे, केव्हा. पुस्तक असेल तर पान कितवं, एवढंच काय ते वाढतं.

आता हाच शब्द दुसरीकडे पाहा. तुका म्हणे. नामा म्हणे. जनी म्हणे. चोखा म्हणे. इथे 'म्हणे' अगदी उलटं काम करतो. हे मी बोललो, माझ्या नावावर लिहून घ्या, याचा जाब मला विचारा. सातशे वर्षांपूर्वी नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी एक बाई आपल्या शब्दांखाली आपलं नाव घालते. या नाममुद्रेपाशी मी दरवर्षी वर्गात थांबते, आणि दरवर्षी माझा गळा थोडा भरून येतो.

एक 'म्हणे' ऐकलेल्याचा, एक स्वतःचा. कॉलेजच्या तीन-चार वर्षांत मुलांना या दोन्ही 'म्हणे'मधला फरक हाताला लागावा, एवढीच माझी धडपड असते. 'असे म्हटले जाते', 'असे दिसून येते', 'तज्ज्ञांच्या मते' ही वाक्यं मी लाल पेनाने गोल करते, कारण त्यांत दोघांपैकी कुणीच नसतं. आजीही नसते आणि जनीही नसते.

मग मी त्यांना एका विद्यार्थ्याचा निबंध दाखवते. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. डॉ. गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा चर्चावर्ग. नुकतीच पंचविशी पूर्ण झालेला एक विद्यार्थी भारतातल्या जातींवर निबंध वाचतो आहे. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. आपण त्यांच्या पुतळ्यापुढे हात जोडतो, पण त्या दिवशी ते आपल्यासारखेच एक सेमिनार पेपर सादर करत होते, हे मुलांना सांगितलं की ती सरसावून बसतात.

त्या निबंधात ते काय करतात, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. आधी जातीच्या चार व्याख्या मांडतात. सेनार यांची, नेसफील्ड यांची, रिस्ले यांची आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांची. ज्यांची व्याख्या, त्यांचं नाव. हेच केतकर पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कर्ते झाले. आंबेडकरांपेक्षा सात वर्षांनी मोठे, अमेरिकेतच डॉक्टरेट मिळवलेले, याच विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिलेले. आंबेडकर चौघांपैकी त्यांना सर्वांत जास्त मान देतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती: सभासदत्व फक्त सभासदांच्या पोटी जन्मलेल्यांनाच, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर ती नीट, जशीच्या तशी समोर ठेवतात. आणि मग आदराने म्हणतात, इथे थोडा घोटाळा आहे. ही दोन लक्षणं नाहीतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करायला बंदी घातली, की आत जन्मलेल्यांखेरीज दुसरं कुणी येणारच कुठून? आणि निबंधाच्या शेवटी सांगतात, माझी उपपत्ती टिकत नाही असं कुणी दाखवून दिलं तर ती सोडून द्यायलाही मी तितकाच तयार आहे. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

मोठ्या माणसाशी मतभेद कसा मांडायचा, हे मराठी घरात आपल्याला कुणी शिकवत नाही. आपल्याकडे दोनच वाटा. एक तर गप्प बसायचं, नाहीतर उलट उत्तर द्यायचं. उलट उत्तर दिलं की 'फार शहाणा झालास' हे ठरलेलं. तिसरी वाट या निबंधात आहे. आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानेही मान डोलवावी. मग आपलं बोलायचं.

वयाच्या अठराव्या वर्षी कायदा आपल्याला सज्ञान म्हणतो. १९८९ साली मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं, तेव्हापासून आपण अठराव्या वर्षी मतही देतो. बँकेत आपली सही चालते. होस्टेलच्या फॉर्मवर चालते. पण गाव सोडून शहरात आलेल्या मुलांशी बोलताना मला जाणवतं, की त्यांच्या बोलण्यात अजून सगळे पहिले 'म्हणे' असतात. घरचे म्हणतात, क्लासचे सर म्हणतात, रूमवरचे म्हणतात. तू? यावर ते गप्प होतात, आणि मला त्या गप्प बसण्याची फार काळजी वाटते.

मी मुलांना वहीचं पान मधोमध दुमडायला सांगते. डावीकडे दुसऱ्याचं म्हणणं, अवतरणचिन्हात, कोण आणि केव्हा यासकट. उजवीकडे स्वतःचं. ही सवय मी टिपणं काढण्यासाठी लावते. पण एका मुलाने एकदा ते पान वेगळ्याच कामाला वापरलं. त्याला एमपीएससी करायची नव्हती, पत्रकारिता शिकायची होती, आणि बाबा ऐकणार नाहीत म्हणून तो महिनाभर मेसमध्येही धड जेवत नव्हता. एका रात्री त्याने डावीकडे लिहिलं, 'बाबा म्हणतात: पदवीनंतर पुण्यातच राहून दोन वर्षं एमपीएससी कर.' अवतरणचिन्ह घातलं. मग 'केव्हा' लिहायला गेला आणि अडला. बाबा असं कधी म्हणालेच नव्हते. म्हणाले होते काका, दिवाळीत, सगळ्यांसमोर, आणि बाबा तेव्हा शेजारी बसून होते. दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला. वडिलांनी सांगितलं, तू कशात पोट भरशील तेवढं मला नीट समजावून सांग, बाकी माझं काही नाही. ते समजावून सांगायला त्याला चार महिने लागले. पत्रकारितेच्या पगाराचे खरे आकडे गोळा करावे लागले, आणि ते काही फार उत्साह वाढवणारे नव्हते. तेही त्याने वडिलांना सांगितले.

आता एका मुलीविषयी सांगते, आणि थांबते.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आला आहे. द्वितीय वर्षाची ही मुलगी बीड जिल्ह्यातली. विषय घेतला होता ऊसतोडणी कामगार. पहिला मसुदा आणला तो असा: 'ऊसतोडणी कामगार हे असंघटित क्षेत्रातील हंगामी स्थलांतरित मजूर होत. त्यांच्या समस्या अनेक आहेत, असे तज्ज्ञांचे मत आहे.' मी गोल केला आणि विचारलं, कोणते तज्ज्ञ? ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी एक कोयता आहे."

मला वाटलं, अवजाराबद्दल बोलते आहे. तिच्या लक्षात आलं. तिने समजावून सांगितलं: कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, कोयत्यावर उचल देतो, म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. तिचे आईवडील दिवाळीच्या सुमारास निघतात, कारखान्याच्या फडाजवळ कोपी, म्हणजे छोटी झोपडी, बांधून राहतात, पहाटेपासून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात. ही आजीजवळ गावात राहिली म्हणून तिची शाळा सुटली नाही. हे सगळं तिला माहीत होतं, आणि प्रोजेक्टमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. ते लिहायचं नसतं, असं तिला वाटत होतं.

तिने पुन्हा लिहिलं. या वेळी आधी तिने वाचलेल्या एका लेखातली मांडणी दिली, लेखकाच्या नावानिशी, पान क्रमांकासह. त्यात मजूर कोयत्यांत मोजले होते. मग तिने विचारलं होतं: एक कोयता म्हटलं की मोजणीत दोन माणसं येतात की एक? उचल वडिलांच्या नावावर मांडली जाते, मुकादमाच्या वहीत नाव वडिलांचं असतं, मग माझ्या आईची नोंद नक्की कुठे होते? मी पंचवीस वर्षं हा विषय वाचते आहे. हा प्रश्न मला या शब्दांत कधी पडला नव्हता.

तिने आईची मुलाखत घेतली, फोनवर, तीन रात्री. संदर्भात मी तिला असं लिहायला सांगितलं: मुलाखत, ऊसतोडणी कामगार, स्त्री, बीड जिल्हा. नाव घालायचं नाही, कारण मुकादमाने उद्या ते वाचलं तर त्रास आईला होईल. लिहून झालेली मुलाखत आईला वाचून दाखवायची, हीही माझी अट असते. तिने वाचून दाखवली. आईने दोन ठिकाणी थांबवलं.

पहिलं, मुलीने 'कर्ज' असं लिहिलं होतं. आई म्हणाली, मी कर्ज म्हणाले नव्हते, उचल म्हणाले. कर्ज पैशानं फिटतं, उचल अंगानं फेडावी लागते. तेवढं दुरुस्त कर.

दुसरं, आईने विचारलं, "समदं माझंच हाये, तर माझं नाव का न्हाई घातलं?"

मुलगी माझ्याकडे आली. मी धोका पुन्हा समजावून सांगितला आणि म्हटलं, घाई करू नका, घरी नीट बोला. आठ दिवसांनी उत्तर आलं. वडिलांशी बोलणं झालं होतं. नाव घालायचं.

संदर्भयादी अकारविल्हे असते. त्या यादीत, एका प्राध्यापकांच्या ग्रंथाखाली आणि एका शासकीय अहवालाच्या वर, तिच्या आईचं नाव आलं. संपूर्ण नाव, आडनावासह. पुढे गाव आणि मुलाखतीच्या तीन तारखा.

नमस्कार.