सुतार कुठे गेला?

नमस्कार, श्रोतेहो. आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक म्हणून माझी ३१ वर्षं गेली. दर उन्हाळ्यात वरून एक फॉर्म यायचा. मागच्या वर्षी पास झालेली मुलं सध्या काय करतात? नोकरी, स्वतःचा धंदा, पुढचं शिक्षण, की बेकार? रकाने चार, आणि फॉर्म परवापर्यंत हवा. मग आमची धावपळ. शिपायाला विचार, गेटवरच्या चहावाल्याला विचार, "अरे, तो उंच पोरगा दिसतो का कुठं?" जेवढे सापडले तेवढे लिहायचे. उरलेले आकडे बसवायचे. दार चौकटीत बसवताना इकडून थोडं तासतो, तिकडून थोडं तासतो, तसेच. आता निवृत्त झालोय, म्हणून कबूल करतो.

आजचा विषय हाच आहे, फक्त युरोपातला. तिकडे हातचं कौशल्य शिकून बाहेर पडलेली मुलं पुढे जातात कुठं, आणि त्यांचा माग कसा काढतात. आकड्यांकडे येतोच. पण आधी एक गोष्ट सांगतो. खरं म्हणजे ती सांगायला मिळावी म्हणूनच मी आज इथं बसलोय.

२०१९चा जून महिना. माझी मुलगी तेव्हा जर्मनीत फ्रायबुर्गला राहायची. हे शहर देशाच्या अगदी कोपऱ्यात. एका बाजूला फ्रान्स, खाली स्वित्झर्लंड. जुन्या गावात रस्त्याच्या कडेनं पाण्याचे उघडे पाट वाहतात. वीतभर रुंद, आणि पाणी कसं, तर नितळ. आपल्याकडे असते तर एव्हाना त्यांच्यावर फरशा टाकून टपऱ्या उभ्या राहिल्या असत्या. असो.

तर अशा एका पाटात पाय सोडून एक पोरगा बसला होता. असेल तेवीस-चोवीसचा. काळी, खाली घोळदार अशी कॉर्डरॉयची विजार, काळं जाकीट, त्यावर पांढरी बटणं, डोक्यावर रुंद काठाची काळी हॅट. बाजूला पीळ पडलेली काठी आणि एक गाठोडं. मला वाटलं, सर्कशीतला असावा. मुलगी म्हणाली, "बाबा, असं टक लावून बघू नका. सुतार आहे तो."

सुतार! मग मी कशाला थांबतोय. बूट काढले आणि शेजारी पाय सोडून बसलो. मुलगी बिचारी दुभाषी झाली.

आधी मी त्याचा हात मागितला. बघितला. पटाशीचे आणि करवतीचे घट्टे जागच्या जागी होते. पोरगा खरा सुतार होता, आणि तोही घराच्या छपरांचं काम करणारा. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. शिकाऊपण संपलं, परीक्षा झाली, की जर्मनीतले काही कारागीर अजूनही भटकंतीला निघतात. 'वाल्ट्स' म्हणतात तिला. मुदत तीन वर्षं आणि एक दिवस. पुन्हा सांगतो, तीन वर्षं आणि वर एक दिवस. तेवढ्या काळात आपल्या गावापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. लग्न झालेलं नको, डोक्यावर कर्ज नको, खिशात मोबाइल नको. गावोगाव जायचं, काम मागायचं, नवी पद्धत शिकायची आणि पुढं निघायचं. जाकिटाला आठ बटणं, दिवसाचे आठ तास काम म्हणून. वरच्या कोटाला सहा, आठवड्याचे सहा दिवस म्हणून. मी मोजली. आठच होती, त्यातलं एक वेगळ्या दोऱ्यानं शिवलेलं.

निघून त्याला चौदा महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी तो बाझेलला, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये, जाणार होता.

आणि मग त्यानं गाठोड्यातून वही काढली. त्या भटकंतीची वही. ज्या गावात काम केलं त्या गावाचा शिक्का, आणि ज्याच्याकडे काम केलं त्याचे चार शब्द. मुलीनं एक पान वाचून दाखवलं. कुठल्याशा खेड्यात गोठ्याचं छप्पर उतरवून नवं चढवलं होतं, दोन महिने. मालकानं लिहिलं होतं, काम नेटकं, वासे सरळ, जेवण मात्र दोघांचं लागतं.

श्रोतेहो, मी ती वही मांडीवर घेऊन बसलो आणि मला आमचा चार रकान्यांचा फॉर्म आठवला. कुठं गेला, किती दिवस राहिला, काय केलं, कसं केलं, सगळं इथं होतं. जेवणसुद्धा होतं!

शेवटी त्यानं दुसरी एक छोटी वही पुढं केली, वाटेत भेटलेल्या माणसांची. मी मराठीत दोन ओळी लिहिल्या, नाव-पत्ता घातला. तो बराच वेळ बघत राहिला. मग शिरोरेघेवरून अंगठा फिरवत त्यानं विचारलं, "ही तुळई का? आणि अक्षरं तिला टांगलेली?" एवढी वर्षं फळ्यावर लिहिलं, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

घड्याळ दाखवतायत. आता आकडे, झटपट.

२० नोव्हेंबर २०१७ला युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेनं एक शिफारस मंजूर केली. शिक्षण संपवून बाहेर पडलेल्यांचा माग प्रत्येक देशानं नीट ठेवावा. विद्यापीठवाल्यांचा, व्यवसाय शिक्षणवाल्यांचा, आणि मधेच सोडून गेलेल्यांचाही. हे शेवटचं मला फार पटलं. सोडून गेलेल्याला आपण हजेरीपटातून काढतो आणि विसरतो. अर्थात ही शिफारस होती, कायदा नव्हता. पुढे २०२०मध्ये लक्ष्यही ठरलं, की २०२५पर्यंत व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांपैकी निदान ८२ टक्के कामाला लागलेले असावेत.

माग काढायच्या वाटा दोन. एक, विचारणं. दोन, नोंदी जोडणं. फ्रान्समध्ये मार्सेयची 'सेरेक' नावाची संस्था एकाच वर्षी शिक्षण सोडलेल्यांमधून नमुना निवडते आणि तीनेक वर्षांनी गाठून महिन्या-महिन्याचा हिशेब विचारते. शिवाय फ्रान्समध्ये आता विद्यार्थ्यांच्या याद्या मालकांच्या दरमहाच्या पगारपत्रकांशी जोडतात. सहा, बारा, अठरा, चोवीस महिन्यांनी बघतात, पोरगं पगारावर आहे का. डेन्मार्कला तर १९६८पासून प्रत्येक माणसाला एक नंबर आहे. शाळा, पगार, कर, सगळं त्याच नंबरावर. चहावाल्याला विचारायला नको.

जर्मनीत न्यूर्नबर्गच्या रोजगार संशोधन संस्थेकडे सामाजिक विम्याच्या नोंदी आहेत, पश्चिम जर्मनीच्या तर थेट १९७५पासूनच्या. कोण कुठं नोकरीला लागला, कधी सोडली, सारं दिसतं. पण त्यात दिसतो तो नोकरदार. आता नीट ऐका. पोरगा हुशार निघाला, 'माइस्टर', म्हणजे वरची परीक्षा दिलेला उस्ताद कारागीर झाला, स्वतःचा कारखाना टाकला, की तो त्या नोंदीतून जातो. सीमा ओलांडून बाझेलला पगार घेऊ लागला, तरी जातो. फ्रान्सच्या त्या पगारपत्रकांचंही तसंच. स्वतःचा धंदा दिसत नाही, परदेशातली नोकरी दिसत नाही, आणि सीमेलगतच्या आल्सास भागातली कितीतरी माणसं तर रोज सकाळी डबा घेऊन जर्मनीत नाहीतर स्वित्झर्लंडला कामाला जातात. पुन्हा सांगतो, स्वतःचं दुकान टाकलं किंवा सीमा ओलांडली, की माणूस कागदावरून गेला. म्हणजे ज्यांचं नाव मी अभिमानानं सांगितलं असतं, नेमके तेच.

माइस्टरवरून आठवलं. जर्मनीच्या पात्रता चौकटीत, म्हणजे शिक्षण-कौशल्याच्या पायऱ्यांच्या सरकारी यादीत, माइस्टर आणि पदवीधर एकाच पायरीवर बसतात, सहाव्या. आणि आपल्याकडे अजून, "मार्क कमी पडले हो, म्हणून आयटीआयला टाकला." हे वाक्य मी पालकांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, आणि तेही मुलगा शेजारी उभा असताना!

आता हे आपल्याही दारात आलंय. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. फ्रायबुर्ग त्याच राज्यात येतं. इथून शिकून तिकडे गेलेल्या पोराचं नाव आपल्या फॉर्ममध्ये कुठं लिहायचं, याचं उत्तर कुणाकडे असेल तर मला ऐकायला आवडेल.

आणि तो सुतार? हिशेबानं त्याची तीन वर्षं आणि एक दिवस २०२१च्या एप्रिलात भरली. पण मधे २०२०चा मार्च आला, जर्मनी-स्वित्झर्लंडची सीमा बंद झाली. तेव्हा तो सीमेवरच्या ऱ्हाइन नदीच्या कुठल्या काठाला होता, कोण जाणे. मोबाइल नव्हताच. पत्र टाक म्हणालो होतो, ते आलेलं नाही. आमच्या त्या फॉर्ममध्ये असता, तर परवाच्या आत मी त्याला 'स्वतःचा धंदा'मध्ये बसवून मोकळा झालो असतो.

नमस्कार.